धर्माभ्यास (मुंबई)

धर्माकडे अभ्यासविषय म्हणून पाहणारी विद्याशाखा. धर्मशिक्षण वेगळे. मुंजीनंतरची संध्या, मदरशातले पठण, चर्चमधला कॅटेकिझम (प्रश्नोत्तरांतून दिली जाणारी धर्मशिकवण) माणसाला आपापल्या धर्मात वाढवतात. धर्माभ्यासात एखादा विधी कसा रूढ झाला, तो कोण करतो, करणाऱ्याला त्यातून काय लाभते, हे विचारले जाते. देव आहे की नाही याचा निवाडा होत नाही. मराठीत पहिली अडचण शब्दाचीच येते. ‘धर्म’ म्हणजे कर्तव्यही: ‘शेजारधर्म’ म्हणताना कुणाच्याही मनात पंथ नसतो.

मुंबईत या अभ्यासाला वादातून धार आली. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८४३ मध्ये पारशी धर्मावर टीकाग्रंथ छापला. पारशी धर्मगुरूंना अवेस्ता या आपल्या धर्मग्रंथातील प्रार्थना मुखोद्गत असत, पण त्या भाषेचे व्याकरण मागे पडले होते; त्यामुळे टीकेला उत्तर देणे जड गेले. खरशेदजी रुस्तमजी कामा युरोपात जाऊन ते शिकले आणि परतून इथल्या तरुण धर्मगुरूंना शिकवू लागले. त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संस्था १९१६ मध्ये स्थापन झाली. मुंबईत वकिली करणाऱ्या पां. वा. काणे यांचा ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत निघाला.

विठ्ठल रामजी शिंदे यांना प्रार्थना समाजाने १९०१ साली तौलनिक धर्माभ्यासासाठी ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात पाठवले. परतल्यावर ते समाजाचे प्रचारक झाले आणि १९०६ मध्ये त्यांनी मुंबईत अस्पृश्यांच्या उन्नतीसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. अभ्यासाने श्रद्धा पातळ होते, हा नेहमीचा आक्षेप त्यांच्या बाबतीत तरी टिकत नाही.

एकाच वस्तूकडे किती बाजूंनी पाहता येते, ते सोपाऱ्याच्या ठेव्यावरून दिसते. भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये नालासोपाऱ्याचा स्तूप उकरला. दगडी पेटीत तांब्याचा करंडक निघाला, भोवती आठ छोट्या बुद्धमूर्ती. करंडकात एकात एक बसवलेल्या डब्या होत्या आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे तुकडे. हा ठेवा एशियाटिक सोसायटीकडे आहे. पुरातत्त्वज्ञ त्यावरून काळ ठरवतो. मूर्तिशास्त्राचा अभ्यासक सात बुद्ध आणि आठवा मैत्रेय, म्हणजे भावी बुद्ध, ओळखतो. उपासकाला ते तुकडे बुद्धांच्या भिक्षापात्राचे, म्हणून वंदनीय. आणि खापराला सोन्याची डबी कोणी दिली, हा प्रश्न समाजशास्त्राचा. यांतले एक उत्तर दुसऱ्याला खोडत नाही.

श्रद्धा म्हणजे काय, याचा कस वांद्र्याला लागतो. मोत माउलीला (माउंट मेरी चर्चमधल्या मरियमला) सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरे, बाळे वाहतात; वाहणाऱ्यांत हिंदूही असतात. ख्रिस्ती उपासनेत श्रद्धेची सूत्रे शब्दांत म्हटली जातात. नवसाला तशा सूत्रांची गरज नसते. ‘पावते’ एवढे पुरते. इथे ‘मानणारे’ आणि ‘न मानणारे’ अशी मोजदाद करणारी प्रश्नावली फसते. रांगेत उभे राहून ऐकावे लागते: कोणी कोणते मेण घेतले, नवस बोलले कोण आणि फेडायला आले कोण.