यंत्रांची पूर्वसूचक देखभाल

यंत्राचे कंपन, तापमान, वीजप्रवाह आणि वंगणाची अवस्था यांची सेन्सरद्वारे सतत नोंद ठेवून बिघाडाची चाहूल आधीच घेण्याची आणि त्यावरून दुरुस्तीची वेळ ठरवण्याची पद्धत. पंप, पंखे, कॉम्प्रेसर, मोटारी, गिअरबॉक्स अशा फिरत्या यंत्रांना ती विशेष लागू पडते.

यामागचे कसब जुने आहे. मुरलेला फिटर स्क्रू-ड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर (बाहेरच्या कवचावर) टेकवतो, मूठ कानाशी धरतो आणि बेअरिंग आवाज करतंय की नाही ते सांगतो. त्याचा कान पक्का असतो, पण तो एका वेळी एकाच यंत्रापाशी उभा राहू शकतो आणि काल ऐकलेला आवाज आजच्या शेजारी मांडून दाखवू शकत नाही. त्याला जे जमत नाही, नेमके तेच सेन्सर करतो.

ठरावीक तासांनी यंत्र उघडून भाग बदलण्याची रीत अजूनही सर्वत्र आहे. तिच्यातली उणीव दुसऱ्या महायुद्धात ध्यानात आली. ब्रिटिश शास्त्रज्ञ सी. एच. वॉडिंग्टन यांना असे आढळले, की विमानांची ठरलेली तपासणी झाल्याबरोबर बिघाड कमी होण्याऐवजी वाढतात आणि मग हळूहळू उतरतात. चांगले चाललेले यंत्र उघडल्यानेच काही दोष आत शिरत होते. पुढे 1978 मध्ये नोलन आणि हीप यांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी केलेल्या अहवालात दाखवले, की विमानाच्या अभ्यासलेल्या भागांपैकी जेमतेम 11 टक्के भागांतच वय वाढेल तसा बिघाडाचा धोका वाढतो. उरलेल्यांच्या बाबतीत कॅलेंडर पाहून दुरुस्ती करण्यात फारसा अर्थ नव्हता.

बेअरिंगचे उदाहरण घेतले की पद्धत उलगडते. मिनिटाला 1440 फेरे घेणारी मोटार सेकंदाला 24 वेळा फिरते. तिच्या नऊ गोळ्यांच्या बेअरिंगमध्ये बाहेरच्या कड्याचा टवका उडाला, तर प्रत्येक गोळी त्यावरून जाताना ठोका बसतो आणि असे साधारण 86 ठोके सेकंदाला पडतात. आतल्या कड्याचा दोष असेल तर हा आकडा वेगळा, गोळीचाच दोष असेल तर आणखी वेगळा. कंपनाच्या आलेखाचे वारंवारतेनुसार पृथक्करण केले, की कोणता भाग खराब झाला हे यंत्र न उघडता कळते. बहुधा सुरुवातीला कानाला न ऐकू येणारी उच्च वारंवारतेची कंपने दिसतात, मग नेहमीचे कंपन वाढते, आवाज येतो, बेअरिंग तापते आणि शेवटी जाम होते. पहिल्या खुणेपासून शेवटापर्यंतचा काळ काही आठवड्यांचा असू शकतो. सुटा भाग मागवणे, उत्पादन न अडवता सुट्टीचा दिवस गाठणे, हे सारे त्या अवधीत बसवायचे असते. हात लावून तापमान पाहणाऱ्याच्या वाट्याला त्यातला अगदी शेवटचा तुकडा येतो.

सेन्सर कुठे बसवला यावर पुष्कळ अवलंबून असते. तो बेअरिंगच्या हाउसिंगवर, घट्ट आणि साफ केलेल्या पृष्ठभागावर हवा. पत्र्याच्या गार्डवर चिकटवला तर तो पत्र्याचीच थरथर मोजतो. जुन्या कारखान्यांत मोजमाप अजूनही 4 ते 20 मिलिअँपिअरच्या प्रवाहाने वाहून नेले जाते. शून्य मापाला 4 मिलिअँपिअर ठेवल्यामुळे तार तुटली तर प्रवाह थेट 0 होतो आणि दोन्हींत गल्लत होत नाही. साध्या कल्पनेतून साधलेली ही फार मोठी सोय आहे. पुढे ही मापे पीएलसीमार्फत, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या छोट्या औद्योगिक नियंत्रकामार्फत, संगणकाकडे जातात. त्यासाठी मॉडबस (1979) ही भाषा अजून चालते. एमक्यूटीटी ही हलकी संदेशपद्धती 1999 मध्ये तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्गे नजर ठेवण्यासाठी तयार झाली. आता ती कारखान्यांतही रुळली आहे.

लहान वर्कशॉपला एवढा पसारा लागत नाही. पीएलसी नसलेल्या जुन्या लेथच्या वायरीवर करंट मोजणारी क्लिप लावली, तरी यंत्र किती वेळ कापत होते, किती वेळ रिकामे फिरत होते आणि कधी बंद होते ते समजते. कारखान्यांत असे डिजिटल तंत्र रुजवण्यासाठीच्या केंद्र सरकारच्या ‘समर्थ उद्योग भारत 4.0’ योजनेत उभारलेल्या केंद्रांपैकी एक, सी4आय4, पुण्यात आहे.

जोडलेल्या यंत्रांना धोकाही असतो. 2010 मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक संगणक प्रणालीने इराणमधील नतांझ येथील, युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रांचा वेग बदलला आणि चालकांना मात्र नेहमीचीच मापे दाखवली. म्हणून देखभालीचे जाळे यंत्र चालवणाऱ्या जाळ्यापासून वेगळे ठेवणे आणि त्याला फक्त वाचण्याचा अधिकार देणे बरे.

सर्वांत अवघड काम इशाऱ्याची पातळी ठरवण्याचे. भार वा वेग बदलला की कंपनही बदलते, म्हणून तुलना त्याच यंत्राच्या, त्याच वेगाच्या, धडधाकट काळातील नोंदीशी करावी लागते. खोटे इशारे वारंवार आले की पाळीवरची माणसे ते बंद करून टाकतात, आणि दोष त्यांचा नसतो. शिवाय निगा राखलेल्या कारखान्यात बिघाड मुळातच थोडे, त्यामुळे संगणकाला शिकवायला उदाहरणे कमी पडतात. म्हणून काढलेले बेअरिंग भंगारात टाकण्याआधी कापून पाहावे, टवका खरोखर कुठे होता ते त्याच तारखेच्या आलेखाखाली लिहून ठेवावे. ही नोंद फिटरच करू शकतो.