कुत्र्याच्या गुन्ह्यापासून जातीच्या यादीपर्यंत : श्वानबंदी कायद्यांची पार्श्वभूमी

मे १९९१ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात सहा वर्षांच्या एका मुलीवर पिट बुल जातीच्या कुत्र्याने हल्ला केला. मुलगी वाचली, पण तिच्या जखमांची वर्णने आणि छायाचित्रे देशभर पोहोचली आणि लोक संतापले. त्याच वर्षी अशा आणखी घटना घडल्या होत्या. गृहमंत्री केनेथ बेकर यांच्यावर दबाव इतका वाढला की २५ जुलैला, म्हणजे जेमतेम सव्वादोन महिन्यांत, ‘डेंजरस डॉग्ज अ‍ॅक्ट’ मंजूर झाला. पिट बुल टेरियर, जपानी तोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो या चार प्रकारांवर बंदी आली. जगात पुढे जिथे जिथे असे कायदे झाले, तिथे तिथे या कायद्याचा दाखला दिला गेला, कधी आदर्श म्हणून तर कधी इशारा म्हणून.

माणसाला चावणाऱ्या कुत्र्याचे काय करायचे, हा प्रश्न मात्र फार जुना. प्लुटार्कने नोंदवलेल्या सोलोनच्या कायद्यानुसार अथेन्समध्ये चावऱ्या कुत्र्याच्या गळ्यात तीन हात लांबीचे लाकडी लोढणे अडकवून त्याला समोरच्याच्या ताब्यात द्यावे लागे. रोमन कायद्यात जनावराने केलेल्या नुकसानीची भरपाई मालकाने करायची, नाहीतर जनावरच देऊन टाकायचे, अशी सोय होती. इंग्लंडच्या न्यायालयांनी पुढे मालकाच्या माहितीवर भर दिला. कुत्रा चावरा आहे हे मालकाला ठाऊक होते का? असेल तर तो जबाबदार. १८७१ च्या ब्रिटिश कायद्यानेही धोकादायक कुत्र्याला काबूत ठेवण्याचा किंवा मारून टाकण्याचा आदेश देण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला दिला. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. समोर एक ठरावीक कुत्रा असे आणि त्याने काय केले ते तपासले जाई. तो कोणत्या जातीचा, हा मुद्दाच नव्हता.

तो नसण्याचे साधे कारण म्हणजे आज ज्याला आपण जात म्हणतो ती कल्पनाच एकोणिसाव्या शतकात पक्की झाली. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारा ब्रिटनचा केनेल क्लब १८७३ चा. त्याआधी कुत्रे कामावरून ओळखले जात. मेंढ्या राखणारा, शिकारीचा, राखणीचा आणि झुंजीचा.

या झुंजीच्या कुत्र्यांपाशी थोडे थांबावे लागेल, कारण पुढची बरीचशी भीती तिथूनच येते. बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ ब्रिटनने १८३५ साली कायद्याने बंद केला. मैदानातला बैल गेला, पण पैजा लावणारे लोक गेले नाहीत. ते आडोशाला, तळघरांत आणि गुत्त्यांच्या मागच्या खोल्यांत कुत्र्यांच्या झुंजी लावू लागले. त्यासाठी बुलडॉगची ताकद आणि टेरियरची चपळाई एकत्र करणारा संकर आधीपासून केला जात होता, त्याला आता जोर आला. त्याच संकरातून बुल टेरियर, स्टॅफर्डशर बुल टेरियर आणि अमेरिकेत गेलेला पिट बुल असे वेगवेगळे वंश पुढे आले. अमेरिकेत १८९८ साली स्थापन झालेल्या युनायटेड केनेल क्लबने ‘अमेरिकन पिट बुल टेरियर’ला नोंदणी दिली. दुसऱ्या मोठ्या संस्थेने, अमेरिकन केनेल क्लबने, १९३६ साली जवळपास तेच कुत्रे ‘स्टॅफर्डशर टेरियर’ या नावाने नोंदवले आणि १९७२ साली त्या नावामागे ‘अमेरिकन’ जोडले. एकाच घराण्यातली भावंडे वेगवेगळ्या वह्यांत वेगवेगळ्या नावांनी लिहिली गेली. पुढे कायदा लिहिणाऱ्यांना हाच गुंता भोवला. ब्रिटनने पिट बुलवर बंदी घातली, पण त्याचा सख्खा भाऊ शोभणारा स्टॅफर्डशर बुल टेरियर यादीबाहेर राहिला. तो केनेल क्लबच्या पुस्तकात होता आणि असंख्य ब्रिटिश घरांतही.

जातीवर पहिला मोठा घाव बसला तो मात्र पिट बुलवर नव्हे, तर जर्मन शेफर्डवर. १९२९ साली ऑस्ट्रेलियाने या कुत्र्यांची आयात बंद केली. हे कुत्रे डिंगोंशी, म्हणजे तिथल्या रानकुत्र्यांशी, संकर करतील आणि त्यातून मेंढ्यांचा फडशा पाडणारी पैदास होईल, अशी मेंढपाळांची भीती होती. ही बंदी १९७० च्या दशकापर्यंत टिकली. आज तोच कुत्रा पोलीस दलाचा आणि आंधळ्यांचा सोबती म्हणून ओळखला जातो. पन्नास वर्षांत कुत्रा बदलला नाही, त्याच्याकडे पाहणारे बदलले.

अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात चोरट्या झुंजींवर कारवाई सुरू झाली. १९७६ च्या संघीय कायदादुरुस्तीने आंतरराज्यीय झुंजींवर निर्बंध आले आणि बातम्यांतून पिट बुल हे नाव पहिल्यांदा सर्वसामान्यांच्या कानावर पडले. धाकासाठी, वचक बसवण्यासाठी कुत्रा हवा असणाऱ्यांनाही ते नाव कळले, आणि हे माझ्या मते फार महत्त्वाचे आहे. बदनामीनेच मागणी वाढवली. अशा लोकांच्या हातात साखळीला बांधून, डिवचून, बेभरवशाचे कुत्रे तयार झाले आणि हल्ले झाले की दोष जातीवर गेला. १९८० साली फ्लोरिडातल्या हॉलीवूड शहराने पिट बुलच्या मालकांवर खास अटी लादल्या. तो वटहुकूम न्यायालयात टिकला नाही. १९८७ च्या जुलैत ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या क्रीडा नियतकालिकाने मुखपृष्ठावर दात विचकणारा पिट बुल छापला. १९८९ साली डेन्व्हर शहराने आणि मायामीच्या डेड काउंटीने सरळ बंदी घातली. कॅनडातल्या विनिपेगने १९९० साली. ब्रिटनचा कायदा या लाटेवर आला.

आता त्या ब्रिटिश कायद्याची अंमलबजावणी जवळून पाहू. कायद्यात ‘जात’ असा शब्द नसून ‘पिट बुल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकाराचा’ अशी रचना आहे. कारण ब्रिटनमध्ये पिट बुलची अधिकृत वंशनोंदच नव्हती. मग प्रकार ठरवायचा कसा? १९९३ साली उच्च न्यायालयाने सांगितले की प्रकार म्हणजे जातीपेक्षा व्यापक गोष्ट, आणि अमेरिकेतल्या पिट बुल संस्थेने लिहून ठेवलेल्या शारीरिक वर्णनाशी कुत्रा बऱ्याच अंशी जुळला की पुरे. म्हणजे पोलिसांचा प्रशिक्षित अधिकारी येतो. डोक्याची रुंदी, छातीचा घेर, खांद्याची उंची, शेपटीची जाडी बघतो, टेप लावतो. आईबाप कोण, वागणूक कशी, कधी कोणाला चावला का, यावर हा प्रश्न सुटत नाही. लॅब्रॅडॉरच्या संकरातून जन्मलेले पिल्लूही मापात बसले तर बेकायदा ठरू शकते. आणि एकदा आरोप झाला की आपला कुत्रा त्या प्रकारचा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते.

डेम्प्सी नावाच्या पिट बुल कुत्रीचे प्रकरण याच काळातले. बंदीआधीपासून पाळलेले कुत्रे काही अटींवर ठेवता येत. त्याप्रमाणे तिची रीतसर नोंद होती, निर्बीजीकरण झालेले होते, विमा होता. एप्रिल १९९२ मध्ये ओळखीचा एक जण तिला बाहेर घेऊन गेला होता. तिला उलटी होऊ लागली म्हणून त्याने तिच्या तोंडाची जाळी काढली. तेवढ्यात पोलिसांनी पाहिले. सार्वजनिक जागी जाळी नाही, एवढ्यावर तिला ठार मारण्याचा आदेश झाला, कारण मूळ कायद्यात न्यायाधीशाला दुसरा पर्यायच ठेवलेला नव्हता. तिने कोणालाही चावले नव्हते. तीन वर्षे ती पिंजऱ्यात राहिली आणि १९९५ साली न्यायालयाने तिची सुटका केली. १९९७ साली कायदा सुधारला गेला. कुत्रा लोकांना धोकादायक नाही असे वाटल्यास, अटी घालून त्याला जगू देण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. दोन महिन्यांत केलेल्या कायद्याची ही एक चूक दुरुस्त करायला सहा वर्षे लागली.

युरोपात पुढचा मोठा धक्का जून २००० मध्ये हॅम्बर्गला बसला. शाळेच्या मैदानावर दोन कुत्र्यांनी सहा वर्षांच्या मुलाचा जीव घेतला. त्यातला एक कुत्रा आधीच प्रशासनाच्या नोंदीवर होता. या घटनेतली सर्वांत चीड आणणारी गोष्ट मला हीच वाटते, कारण तिथे नव्या यादीची गरज नव्हती, हातात असलेल्या अधिकारांची कठोर अंमलबजावणी हवी होती. जर्मन राज्यांनी काही आठवड्यांत याद्या काढल्या. २००१ साली केंद्रीय कायद्याने चार प्रकारांची आयात रोखली आणि २००४ साली घटनात्मक न्यायालयाने आयातबंदी कायम ठेवली. पैदाशीवरची केंद्रीय बंदी मात्र टिकली नाही. लोअर सॅक्सनी राज्याने लवकरच यादी सोडून दिली. हॅनोव्हरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठात यादीतल्या कुत्र्यांना आणि गोल्डन रिट्रीव्हरना एकाच स्वभावचाचणीतून घातले गेले, तेव्हा आक्रमकतेत लक्षणीय फरक दिसला नाही.

फ्रान्सने १९९९ साली धोकादायक कुत्र्यांचे दोन वर्ग पाडले. डेन्मार्कने २०१० साली तेरा जातींवर बंदी घातली. नेदरलँड्सने १९९३ ची बंदी २००८ साली मागे घ्यायचे ठरवले, कारण चाव्यांचे प्रमाण घटले नव्हते. इटलीने २००३ साली भलीमोठी यादी केली आणि २००९ साली ती टाकून देऊन मालकाच्या जबाबदारीवर भर दिला. भारतात १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र पाठवून २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितले. यादीत तोसा दोनदा आला होता. एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते पत्र रद्द केले.

बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा हलका नाही. छोटा कुत्राही चावतो, पण मोठ्या जबड्याच्या, न सोडणाऱ्या कुत्र्याचा चावा लहान मुलाच्या जिवावर बेततो. अमेरिकेत १९७९ ते १९९८ या काळात कुत्र्यांच्या हल्ल्यात झालेल्या मृत्यूंचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात पिट बुल प्रकार आणि रॉटवायलर मिळून निम्म्याहून अधिक मृत्यूंशी जोडलेले होते. त्याच लेखकांनी, जातीनुसार एकूण कुत्रे किती हे माहीत नसल्याने या आकड्यांवरून जातीचा धोका काढता येत नाही, असेही बजावले होते. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या २०१३ च्या अभ्यासात बंदीनंतर रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण घटलेले दिसले. स्पेन आणि डेन्मार्कमधल्या अभ्यासांत तसा परिणाम आढळला नाही. पुरावा असा विखुरलेला आहे.

दरम्यान, यादीच्या पायाखालची जमीनच सरकू लागली. २०१५ साली अमेरिकेतल्या प्राणी-आश्रयगृहांमधील एका अभ्यासात १२० कुत्र्यांपैकी ६२ कर्मचाऱ्यांना पिट बुलसारखे वाटले. डीएनएनुसार तो वंश २५ कुत्र्यांतच होता. रोज कुत्र्यांत वावरणाऱ्यांची ही गत, तर घाबरलेल्या साक्षीदाराचे काय? २०२२ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासात एखाद्या कुत्र्याच्या वागण्यातला फरक जातीने सुमारे ९ टक्केच स्पष्ट होतो असे आढळले. आणि २००० ते २००९ मधल्या २५६ प्राणघातक हल्ल्यांचा तपशील अमेरिकी पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात २०१३ साली आला. त्यात जवळपास ८७ टक्के प्रसंगी मध्ये पडू शकणारे सक्षम माणूस जवळ नव्हते, सुमारे ८४ टक्के कुत्र्यांचे निर्बीजीकरण झालेले नव्हते आणि तीन चतुर्थांश कुत्रे माणसांच्या सहवासापासून तोडून ठेवलेले होते. जात खात्रीने सांगता आली ती १८ टक्क्यांहूनही कमी प्रकरणांत. पोलिसांना, शेजाऱ्यांना, पालकांना आधीच दिसू शकल्या असत्या अशाच या बाबी आहेत.

तरीही यादी सगळीकडे मागे हटलेली नाही. २०२० च्या नोव्हेंबरात डेन्व्हरच्या मतदारांनी तीस वर्षांहून जुनी बंदी उठवली. ऑक्टोबर २०२३ पासून फ्लोरिडाच्या राज्य कायद्याने मायामीची बंदी संपली. त्याच महिन्याच्या अखेरीस ब्रिटन उलट्या दिशेने गेला. सप्टेंबरमध्ये स्टॅफर्डशरमध्ये दोन कुत्र्यांनी एका माणसाचा जीव घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान ऋषी सुनक यांनी ‘एक्सएल बुली’वर बंदी जाहीर केली आणि ३१ ऑक्टोबरला तो पाचवा प्रकार यादीत आला. याही कुत्र्याची केनेल क्लबकडे नोंद नव्हती. म्हणून सरकारने वर्णन लिहिले : नर खांद्यापाशी किमान ५१ सेंटिमीटर, मादी ४८. १ फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये सूटपत्राशिवाय, म्हणजे खास परवानगीशिवाय, तो पाळणे गुन्हा झाला. सूटपत्र घेतलेल्या कुत्र्यांची संख्या पन्नास हजारांच्या वर गेली. १९९१ साली जन्मलाही नव्हता असा हा प्रकार. पिट बुलवर बंदी असताना, त्याच देशात, त्याच्याच रक्ताचा आणि त्याहून थोराड कुत्रा तीन दशकांत उभा राहिला. तो पैदा करणाऱ्यांवर, विकणाऱ्यांवर, परवान्याशिवाय घरात पिल्ले वाढवणाऱ्यांवर त्या काळात कोणाचे लक्ष नव्हते. कुत्रा पाळण्याचा परवाना तर ब्रिटनने १९८७ सालीच रद्द केला होता.