सरनोबत (मराठा राज्याचे सेनापतिपद)

मराठा राज्यातील सैन्याचे सर्वोच्च पद. ‘सरनोबत’ हा फारसी वळणाचा शब्द. 1674 मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, तेव्हा त्याचा ‘सेनापती’ झाला. सेनापतीला अष्टप्रधानांत स्थान होते. बोलण्यात मात्र जुना शब्द टिकून राहिला.

सुरुवातीला पायदळ आणि घोडदळ यांचे सरनोबत वेगळे असत. पायदळाचे सरनोबत म्हणून नूरबेग आणि त्यानंतर येसाजी कंक यांची नावे येतात. मान मात्र घोडदळाच्या सरनोबताचा मोठा. सभासद बखरीतील रचनेनुसार पंचवीस बारगिरांवर (सरकारी घोड्यावरील स्वारांवर) एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, त्यावर पंचहजारी आणि सर्वांच्या वर सरनोबत. या उतरंडीत वेतन रोख मिळे. पद बापाकडून मुलाकडे आपोआप जात नसे, आणि शिवकाळात ते खरे वजनदार राहिले ते त्यामुळेच.

तुकोजी चोर, माणकोजी दहातोंडे यांच्यानंतर सरनोबती नेताजी पालकरांकडे आली. 1666 च्या आरंभी पन्हाळ्याच्या स्वारीत ते वेळेवर पोहोचले नाहीत आणि महाराजांनी त्यांना पदावरून दूर केले. नेताजी विजापूरकरांकडे आणि पुढे मोगलांकडे गेले. औरंगजेबाने त्यांना मुसलमान करून मुहम्मद कुलीखान हे नाव दिले. 1676 मध्ये ते स्वराज्यात परतले आणि महाराजांनी त्यांना पुन्हा धर्मात घेतले.

त्यांच्या जागी आलेले कुडतोजी गुजर ‘प्रतापराव’ या किताबानेच ओळखले जातात. 1672 च्या साल्हेरच्या लढाईत मोरोपंत पिंगळे यांच्यासह त्यांनी मोगल फौजेचा मोकळ्या मैदानात पराभव केला. पुढच्या वर्षी उमराणीजवळ विजापूरचा सरदार बहलोलखान कोंडीत सापडला असता प्रतापरावांनी त्याला जाऊ दिले. महाराजांनी कडक शब्दांत जाब विचारला. तो बोल प्रतापरावांना इतका लागला की 24 फेब्रुवारी 1674 रोजी नेसरीच्या खिंडीत अवघ्या सहा सोबत्यांनिशी ते खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण मारले गेले. हे शौर्य आजही अंगावर काटा आणते. पण फौज मागे ठेवून सेनापतीने असे एकट्याने धावून जावे, हा राज्याचा फार मोठा तोटा होता. महाराजांनी पुढे प्रतापरावांची मुलगी जानकीबाई राजारामांसाठी सून करून घेतली.

हंबीरराव मोहिते नंतर सेनापती झाले. राज्याभिषेकात दुधाने भरलेला रुप्याचा कलश घेऊन ते दक्षिणेस उभे होते. महाराजांच्या निधनानंतर, राजारामांना गादीवर बसवू पाहणाऱ्या त्यांच्या आई सोयराबाई ही हंबीररावांची सख्खी बहीण असूनही ते संभाजी महाराजांच्या बाजूने उभे राहिले. त्या एका निर्णयाने गादीचा वाद निकालात निघाला. 1687 मध्ये वाईजवळच्या लढाईत ते पडले. पुढचे सेनापती म्हाळोजी घोरपडे 1689 मध्ये संगमेश्वरी संभाजी महाराजांना वाचवताना कामी आले.

म्हाळोजींचे पुत्र संताजी हे या पदावरील बहुधा सर्वांत कुशल योद्धे. कर्नाटकातील दोड्डेरीला त्यांनी मोगल सरदार कासिमखानाची फौज कोंडून टाकली, पाठोपाठ दुसरा मोगल सरदार हिंमतखान याला ठार केले. शिस्तीच्या बाबतीत ते कठोर होते, छत्रपतींशीही त्यांचे खटके उडत. राजारामांनी पद काढून धनाजी जाधवांना दिले. 1697 मध्ये नागोजी माने यांनी संताजींचा खून केला. मोगलांना जे जमले नाही ते घरच्या वैराने केले.

धनाजींनंतर त्यांचा मुलगा चंद्रसेन याला शाहू महाराजांनी सेनापती केले. 1711 मध्ये तो शाहूंच्या प्रतिस्पर्धी, राजारामांच्या विधवा राणी ताराबाई यांच्या पक्षाला मिळाला. तेव्हा फौज उभी करण्यासाठी शाहूंनी धनाजींच्याच पदरी कारकून राहिलेल्या बाळाजी विश्वनाथांना ‘सेनाकर्ते’ किताब दिला. दोनच वर्षांत बाळाजी पेशवे झाले आणि सैन्याची सूत्रे हळूहळू पेशव्यांकडे सरकली. 1717 मध्ये तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांना सेनापतिपद मिळाले. त्यांचे पुत्र त्रिंबकराव 1 एप्रिल 1731 रोजी डभईच्या लढाईत पहिल्या बाजीरावांविरुद्ध लढताना मारले गेले. छत्रपतींचा सेनापती छत्रपतींच्या पेशव्याशी लढतो, यापेक्षा त्या पदाची मोडतोड काय असावी? शाहूंनी त्रिंबकरावांचे धाकटे भाऊ यशवंतराव यांना सेनापती केले, कारभार आई उमाबाई पाहत. गुजरातेतील सत्ता मात्र दाभाड्यांच्याच हाताखालच्या गायकवाडांकडे गेली आणि दाभाड्यांकडे किताब उरला.

संताजींच्या वंशजांची कापशी कोल्हापूर राज्यात राहिली. कागल तालुक्यातील ते गाव आजही ‘सेनापती कापशी’ म्हणून ओळखले जाते.