साहेबांना सांगणार कोण? कॉकपिटमधल्या संवादाची पार्श्वभूमी

२८ डिसेंबर १९७८ ची संध्याकाळ. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहराजवळ युनायटेड एअरलाइन्सचं एक डीसी-८ विमान सुमारे तासभर घिरट्या घालत होतं. चाकं खाली सोडताना मोठा दणका बसला होता आणि ती जागेवर बसल्याचं सांगणारा दिवा लागला नव्हता. कॅप्टनचं सगळं लक्ष त्या चाकांकडे आणि प्रवाशांना आणीबाणीच्या उतरण्यासाठी तयार करण्याकडे होतं. इंधन संपत चाललंय हे सहवैमानिकाला आणि फ्लाइट इंजिनिअरला समोर दिसत होतं, आणि ते गप्प बसले नव्हते. त्यांनी इंधनाचे आकडे सांगितले. आणखी पंधरा मिनिटं थांबलो तर इंधन फारच खाली जाईल, असंही इंजिनिअर म्हणाला. ‘आत्ताच्या आत्ता उतरायला हवं’ हे मात्र कोणी म्हटलं नाही. एकामागून एक इंजिनं बंद पडली आणि विमान उपनगरातल्या झाडीत कोसळलं. १८९ जणांपैकी १० जण गेले, त्यांत तो फ्लाइट इंजिनिअरही होता. चाकं खाली येऊन घट्ट बसलेली होती, हे नंतर कळलं.

टीममधल्या संवादाबद्दल आज कंपन्यांत आणि इस्पितळांत जे शिकवलं जातं, त्यातलं पुष्कळसं या अपघातानंतरच्या घडामोडींतून आलेलं आहे. तो इतिहास माहीत नसला की उरतं ते ‘मोकळेपणाने बोला’ एवढंच. पोर्टलंडची माणसं बोलली होती. म्हणून प्रश्न पुढचा आहे : बोललेलं ऐकणाऱ्यापर्यंत पोचतं कसं, आणि पोचल्यावर त्याचं काय होतं?

त्याआधी दीड-पावणेदोन वर्षं, २७ मार्च १९७७ ला, कॅनरी बेटांपैकी टेनेरिफवर दोन जम्बो जेट धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली होती. ५८३ मृत्यू. विमानवाहतुकीच्या इतिहासातला हा सर्वांत भीषण अपघात. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्ब फुटल्याने विमानं इकडे वळवलेली, छोट्या विमानतळावर गर्दी, त्यात दाट धुकं. नेदरलँड्सच्या केएलएमचे कॅप्टन हे कंपनीचे ज्येष्ठ प्रशिक्षक होते आणि कंपनीच्या जाहिरातींत त्यांचाच फोटो होता. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाला ७४७ (म्हणजे जम्बो जेट) साठी पास करणारेही तेच.

कॅप्टननी विमान पुढे काढायला घेतलं, तेव्हा अजून परवानगी मिळालेली नाही असं सहवैमानिकाने एकदा थांबवून सांगितलं. त्यांनी ते मानलंही. काही क्षणांनी पुन्हा तेच झालं, तेव्हा मात्र तो थांबवू शकला नाही. त्याने रेडिओवर ‘आम्ही आता टेक-ऑफवर आहोत’ अशा अर्थाचं अर्धवट वाक्य उच्चारलं. टॉवरमधून ‘ओके’ आलं. त्यापुढचे ‘थांबा, मी कळवतो’ हे शब्द आणि ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ हा समोरच्या पॅन ॲम कंपनीच्या विमानाचा निरोप एकाच वेळी निघाले, एकमेकांवर चढले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये कर्कश शिट्टीसारखा आवाज ऐकू आला. त्यानंतर लगेच टॉवर आणि पॅन ॲम यांच्यात झालेलं बोलणं मात्र मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने टिपलं. ‘मग तो बाजूला झालेला नाही का?’ असं त्याने विचारलं. ‘झालाय की!’ असं ठासून उत्तर आलं. त्याने पुन्हा विचारलं नाही.

मला हा प्रसंग वाचताना दर वेळी तो प्रश्नार्थी सूर टोचतो. आपल्याकडेही धाकट्याने थोरल्याला धोका सांगायचा असेल तर वाक्य आपोआप प्रश्न होतं : ‘सर, एकदा बघून घ्यायचं का?’ ही अदब वाईट नाही, पण प्रश्नाला ‘नको’ म्हणता येतं. टेनेरिफनंतर रेडिओची भाषा म्हणूनच आवळली गेली. ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, इतर वेळी ‘डिपार्चर’ म्हणायचं. महत्त्वाची सूचना नुसत्या ‘ओके’वर सोडायची नाही, ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची.

शब्दांचा नेमकेपणा किती जीवघेणा ठरतो हे २५ जानेवारी १९९० ला न्यूयॉर्कजवळ पुन्हा दिसलं. कोलंबियाच्या एव्हियांका कंपनीच्या विमानातलं इंधन संपत आलं होतं, वैमानिकांनी तसं कळवलंही होतं, पण नियंत्रकांशी बोलताना ‘इमर्जन्सी’ हा शब्द त्यांनी एकदाही वापरला नाही. नियंत्रकांनी त्यांना इतर विमानांसारखंच रांगेत ठेवलं. ७३ जण दगावले.

पोर्टलंडच्या अपघाताचा अधिकृत अहवाल जून १९७९ मध्ये आला. कॅप्टनना इतरांना सामील करून घेऊन निर्णय करायला शिकवा आणि बाकीच्यांना ठामपणे बोलायला शिकवा, ही दुहेरी शिफारस त्यात होती. मला तिच्यातला पहिला भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण सहसा सगळं ओझं धाकट्याच्या धैर्यावर टाकून मोकळं होण्याकडे आपला कल असतो. त्याच महिन्यात ‘नासा’ने सॅन फ्रान्सिस्कोत विमान कंपन्यांची एक कार्यशाळा भरवली. मानसशास्त्रज्ञ जॉन लॉबर यांनी मांडलेलं ‘कॉकपिट रिसोर्स मॅनेजमेंट’ हे नाव तिथून रुळलं. कॅप्टनच्या हाताशी असलेलं साधन म्हणजे फक्त यंत्रं नव्हेत, शेजारच्या माणसांना काय दिसतंय हेही साधनच, अशी ही कल्पना.

१९८१ मध्ये युनायटेडने यावर पहिला सविस्तर अभ्यासक्रम सुरू केला. रॉबर्ट ब्लेक आणि जेन माउटन यांनी कंपन्यांतल्या व्यवस्थापकांसाठी बनवलेल्या पद्धतीवर तो बेतला होता. म्हणजे कल्पना ऑफिसातून कॉकपिटमध्ये गेली आणि तिथे तावून सुलाखून पुन्हा ऑफिसात आली. सुरुवातीला काही वैमानिकांनी ‘शिष्टाचाराची शाळा’ म्हणून तिची टर उडवली.

१९ जुलै १९८९ ला त्याच कंपनीच्या डीसी-१० विमानाचं शेपटाकडचं इंजिन फुटलं आणि विमान वळवण्याच्या सगळ्या हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. अशा परिस्थितीसाठी कोणाकडे काही लिहून ठेवलेलं नव्हतं. प्रवासी म्हणून बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाला कॅप्टन अल हेन्स यांनी आत घेतलं आणि उरलेल्या दोन इंजिनांचे लिव्हर त्याच्या हाती दिले. चौघांनी सतत बोलत, एकमेकांना विचारत विमान आयोवातल्या सू सिटीला आणलं. २९६ पैकी १८४ जण वाचले. पूर्वी कॅप्टन म्हणेल ते अंतिम असायचं आणि त्यापायी आम्ही काही विमानं गमावली, असं हेन्स पुढे व्याख्यानांतून सांगत.

त्याच वर्षी जानेवारीत इंग्लंडमध्ये केगवर्थला नेमकं उलट घडलं होतं. कॅप्टननी उजव्या इंजिनात बिघाड असल्याची घोषणा केली. मागच्या काही प्रवाशांनी आणि कर्मचाऱ्यांनी आग डावीकडे पाहिली होती, पण ते पुढे कोणी कळवलं नाही. बिघाड डाव्या इंजिनात होता, आणि उजवं, म्हणजे चांगलं इंजिन आधीच बंद केलं गेलं होतं. ४७ जण गेले. ‘कॉकपिट रिसोर्स मॅनेजमेंट’ या नावात ‘कॉकपिट’ऐवजी ‘क्रू’ (विमानातले सगळे कर्मचारी) हा शब्द का हवा होता, हे यातून समजतं.

पुढे हीच पद्धत शस्त्रक्रियागृहात शिरली. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेल्या, शस्त्रक्रियेच्या सुरक्षेसाठीच्या १९ कलमी यादीत, चिरा देण्याआधी सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं, असं एक कलम आहे. यामागचे सर्जन अतुल गावंडे यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे. आठ शहरांतल्या इस्पितळांत, त्यांत दिल्लीतलंही एक होतं, यादीच्या चाचणीत मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. कॅनडातल्या ओंटारियोत मात्र १०१ इस्पितळांत ती लागू केल्यावर २०१४ च्या अभ्यासात लक्षणीय फरक आढळला नाही. कागदावर खुणा करता येतात, त्यासाठी कोणी कोणाशी बोलावं लागत नाही.

आपल्या देशातली आठवण २२ मे २०१० ची आहे. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरच्या टेबलटॉप म्हणजे टेकडीच्या सपाट माथ्यावरच्या धावपट्टीपलीकडे दरीत गेलं, १६६ पैकी १५८ जणांचा मृत्यू झाला. सहवैमानिकाने तीनदा ‘गो अराउंड’ म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चला, असं म्हटलं होतं. इथे शब्द नेमका ठरलेला होता. मग नियंत्रण त्याने आपल्या हाती का घेतलं नाही? सहवैमानिकाला स्वतः ‘गो अराउंड’ सुरू करण्याचा अधिकार आहे की नाही, याबद्दल वेगवेगळ्या सूचनांत संदिग्धता होती, आणि बहुधा त्यामुळेच तो सांगत राहिला पण हात घातला नाही, अशी नोंद चौकशी अहवालात आहे.