व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरची जवारी

घरी बांधलेल्या, काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरमधून गिटारचा आवाज आला, की निम्मं काम झालं. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात फिरून रेझिस्टन्स, कंडेन्सर जमवले, ट्रान्सफॉर्मर वाइंड करून घेतला, सर्किटच्या नकाशाबरहुकूम सोल्डर केलं आणि स्पीकर बोलला. पण हा पहिला आवाज बहुधा बोदा असतो, नाहीतर कर्कश, आणि मागे घूंऽऽ असा अखंड नाद. इथून पुढचं काम बारीक आहे. या छंदाचा खरा आनंद मला त्याच कामात वाटतो, कारण कानाला ऐकू येणारा प्रत्येक फरक तिथे एखाद्या रेझिस्टन्सशी नेऊन जोडता येतो.

सर्वांत साधं सर्किट घेऊ. सुरुवातीला एक १२एएक्स७, म्हणजे एकाच काचेत दोन ट्रायोड; ट्रायोडमध्ये कॅथोड, ग्रिड आणि प्लेट असे तीन भाग असतात. पुढे एक ईएल८४, स्पीकरला ताकद देणारा व्हॉल्व्ह; त्यात स्क्रीन नावाची आणखी एक ग्रिड असते. मग आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर. ताकद साधारण ५ वॅट. आतला डीसी दाब मात्र २५० ते ३०० व्होल्ट, आणि स्विच बंद केल्यावरही तो मोठ्या फिल्टर कंडेन्सरमध्ये टिकून राहतो. म्हणून हात घालण्याआधी १० किलोओहमचा ५ वॅटी रेझिस्टन्स लावून कंडेन्सर रिकामा करायचा आणि मीटरने खात्री करायची. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून मोकळं होण्याची सवय वाईट. पहिल्यांदा वीज देताना इलेक्ट्रिशियनकडचा सिरीज बोर्ड वापरावा, म्हणजे मधे बल्ब येतो आणि दोष असला तरी प्रवाह आवरतो. त्यात बल्ब जुना, तारेचा हवा. एलईडीचा उपयोग नाही.

आता ती घूं. तिचा उगम शोधायला गिटारच पुरेशी आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ती एसीचा डीसी करणाऱ्या ब्रिज रेक्टिफायरमधून गेली, की उरलेली लहर १०० हर्ट्झची होते. गिटारच्या सर्वांत जाड तारेवरचा तिसरा फ्रेट ९८ हर्ट्झचा स्वर देतो. तो वाजवून घूं सोबत ऐका. दोन्ही जवळपास एकाच उंचीवर असतील, तर सेकंदाला सुमारे दोन विस्पंद येतात, आवाज डुलतो. याचा अर्थ दोष डीसी पुरवठ्यात आहे: फिल्टर कंडेन्सर कमी पडतोय किंवा थकलाय, किंवा त्याची ग्राउंडची तार इनपुटच्या ग्राउंडपाशी चुकीच्या जागी जोडली आहे. घूं त्या स्वराच्या बरोबर एक सप्तक खाली असेल, तर ती थेट ५० हर्ट्झची. मग संशय व्हॉल्व्ह तापवणाऱ्या फिलामेंटच्या तारांवर, नाहीतर दोन ट्रान्सफॉर्मरच्या शेजारावर. अमेरिकी नकाशांसोबतच्या सूचना ६० आणि १२० हर्ट्झ धरून लिहिलेल्या असतात. त्यांतल्या खुणा इथे लागू पडत नाहीत.

५० हर्ट्झवर उपाय सोपे आहेत. फिलामेंटच्या दोन तारा घट्ट पिळून चॅसिसच्या कडेला दाबून न्यायच्या, म्हणजे दोघींची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडतात. प्रत्येक तारेपासून ग्राउंडला १०० ओहमचा एकेक रेझिस्टन्स दिला, की दोन्ही बाजू समतोल होतात. आउटपुट ट्रान्सफॉर्मर मेन ट्रान्सफॉर्मरशी काटकोनात फिरवून बसवायचा. आणि अ‍ॅम्प बंद करून १२एएक्स७ उपसून पाहायचा: पुन्हा चालू केल्यावर घूं थांबली, तर ती अलीकडच्या टप्प्यात शिरत होती.

मग बायस, म्हणजे सिग्नल नसताना व्हॉल्व्हमधून किती प्रवाह वाहायचा ते ठरवणं. ईएल८४च्या डेटाशीटमध्ये २५० व्होल्टला १३५ ओहमचा कॅथोड रेझिस्टन्स आणि ४८ मिलिअ‍ॅम्पिअर प्लेट प्रवाह दिलेला असतो. गुणाकार १२ वॅट, आणि तीच त्या व्हॉल्व्हची कमाल मर्यादा. समजा, तुमच्या १३५ ओहमवर ८.१ व्होल्ट दिसले. म्हणजे एकूण ६० मिलिअ‍ॅम्पिअर. त्यातले सहाएक स्क्रीनचे वजा केले, तर ५४ उरतात. प्लेट आणि कॅथोड यांच्यात २६५ व्होल्ट असतील, तर हे १४ वॅटच्या वर गेलं. अंधारात प्लेट लालसर दिसायला लागते ती अशाच जादा उष्णतेने. १३५च्या जागी १८० ओहम घालून पुन्हा मोजायचं.

हे मोजताना भिंतीतला दाबही बघा. २२० व्होल्टसाठी वाइंड केलेला ट्रान्सफॉर्मर २४० व्होल्टवर लावला, तर फिलामेंटला ६.३ऐवजी जवळजवळ ६.९ व्होल्ट जातात. १० टक्क्यांच्या सवलतीची ती वरची कड आहे. दोन व्हॉल्व्ह मिळून साधारण १ अ‍ॅम्पिअर घेतात, त्यामुळे अर्ध्या ओहमचा २ वॅटी रेझिस्टन्स तिथे मधे टाकला, की अर्धा व्होल्ट उतरतो. संध्याकाळी आणि मध्यरात्री, दोन्ही वेळा मोजलेलं बरं.

इथवर सगळं मीटरचं काम. पुढचं कानाचं.

हाय-फाय अ‍ॅम्प्लिफायरला विकृती, म्हणजे डिस्टॉर्शन, नको असते. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला ती हवी असते, पण निवडून. तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा केसभर सरकवून जवारी लावतात, तेव्हा तारेच्या मूळ स्वरातून वरचे स्वरांश, म्हणजे दुप्पट, तिप्पट कंपनांचे स्वर, उमलतात. तार जिथे छेडली, तिथेच निस्पंद (न हलणारा) बिंदू असलेले स्वरांशही त्यात ऐकू येतात, जे जुन्या नियमाप्रमाणे यायला नकोत. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये याकडे लक्ष वेधलं. व्हॉल्व्हमध्ये ही जवारी बायसने लागते. ट्रायोड लहरीची एक बाजू दुसरीपेक्षा आधी वाकवतो. अशा लंगड्या वाकण्यातून दुसरा स्वरांश येतो, म्हणजे मूळ षड्जाचा वरचा षड्ज, म्हणून आवाज भरदार वाटतो. सिग्नल आणखी रेटला, की दोन्ही बाजू कापल्या जातात आणि तिसरा, पाचवा स्वरांश वाढतो: पंचम आणि तंबोऱ्यातला तो स्वयंभू गंधार. धार तिथून येते.

१२एएक्स७च्या कॅथोडला १.५ किलोओहम असेल, तर बायस साधारण मध्यावर असतो. तिथे २.७ किलोओहम लावून एकच स्वर हळू आणि मग जोरात छेडून बघा. जोरात छेडल्यावर तो आता वेगळ्या ठिकाणी खरखरायला लागतो, कारण लहरीची दुसरी बाजू आधी कापली जाते. बदल एका वेळी एकच करायचा, आणि व्हॉल्व्ह चांगले तापल्यावरच ऐकायचं.

बोदेपणाचं मूळ मात्र बहुतेकदा कंडेन्सरमध्ये सापडतं. जाड तारेचा खालचा स्वर ८२ हर्ट्झचा. त्याची लहर मोठी, म्हणून तीच आधी कापली जाते आणि वरचे स्वर त्या चिखलात रुततात. दोन टप्पे जोडणारा ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपलिंग कंडेन्सर २२० किलोओहमसमोर खाली ३३ हर्ट्झपर्यंत सगळं पुढे सोडतो. तो ०.००४७चा केला, की १५४ हर्ट्झच्या खाली उतार सुरू होतो आणि कॉर्डमधले स्वर सुटे होतात. तसंच कॅथोडवरचा २५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर काढून ०.६८चा लावला, तर खालच्या स्वरांची वाढ कमी होते, वरच्यांची तशीच राहते. जुना कंडेन्सर वापरत असाल, तर ईएल८४च्या ग्रिडवर डीसी शून्य आहे ना, ते तपासा. गळका कंडेन्सर तिथे व्होल्ट सोडतो आणि सगळा बायस हलवतो.

हे सगळं कोणत्या आवाजात ऐकायचं, हा प्रश्न पुण्याच्या फ्लॅटमध्ये फार खरा आहे. १ वॅटला ९७ डेसिबल देणारा स्पीकर ५ वॅटला एका मीटरवर १०४ डेसिबल देतो. शेजारी दार वाजवणारच. पण हळू आवाजात कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं. त्यामुळे रात्री हळू वाजवत बसवलेला टोन हॉलमध्ये हमखास बोदा होतो. कपलिंग कंडेन्सरचा शेवटचा निर्णय म्हणूनच तालमीच्या जागी, ड्रम वाजत असताना घ्यावा.