मोबाइल सफाईने चालवणाऱ्या मुलांना शिकवताना

खान्देशातल्या शाळांच्या पालकसभेत हमखास ऐकू येणारे एक वाक्य म्हणजे, ‘आमच्या पोराला मोबाइलमधले सगळे कळते, फक्त पुस्तकात त्याचे लक्ष नाही.’ या वाक्याचा पहिला भाग आपण न तपासताच मान्य करतो. त्याला एक बौद्धिक आधारही मिळाला होता. अमेरिकी लेखक मार्क प्रेन्स्की यांनी २००१ साली असे मांडले की, संगणक आणि इंटरनेटच्या सहवासात वाढलेली पिढी विचारच वेगळ्या पद्धतीने करते, म्हणून तिला जुन्या पद्धतीने शिकवून चालणार नाही. ही कल्पना झपाट्याने पसरली, पण तिच्या बाजूने भक्कम पुरावा मात्र पुढे आला नाही. आठवीच्या विद्यार्थ्यांची संगणक व माहिती साक्षरता तपासणाऱ्या २०१८ सालच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत सर्वांत वरच्या पातळीवर पोहोचलेले विद्यार्थी जेमतेम २ टक्के होते. आपल्याकडच्या ‘असर’ या ग्रामीण पाहणीनुसार २०२४ साली १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. मात्र त्यांपैकी आधीच्या आठवड्यात त्याचा उपयोग समाजमाध्यमांसाठी केलेली मुले सुमारे ७६ टक्के, तर अभ्यासासाठी केलेली सुमारे ५७ टक्के होती.

बोटे पडद्यावर सफाईने फिरतात याचा अर्थ मेंदूची रचना बदलली असा होत नाही. एका वेळी मनात धरून ठेवता येणाऱ्या माहितीला, म्हणजे कार्यकारी स्मृतीला, फार तोकडी मर्यादा आहे. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली ती साधारण सात घटकांची मानली होती. पुढे नेल्सन कोवन यांनी २००१ साली ती चारच्या आसपास आणून ठेवली. पाढे पाठ असलेल्या मुलाला शाब्दिक उदाहरण सोडवताना ही तुटपुंजी जागा उदाहरण समजून घेण्यासाठी मोकळी मिळते, तर सात आठे किती हे फोनवर पाहणाऱ्या मुलाचे उदाहरणच मधे हरवते. त्यामुळे ‘गूगलवर सगळे मिळते, मग पाठ कशाला करायचे?’ हा प्रश्न वाटतो तितका आधुनिक नाही.

गूगलवर शोधण्यासाठीसुद्धा आधी काही ठाऊक असावे लागते. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातल्या एखाद्या शाळेत नववीच्या वर्गाला असे काम देऊन पाहावे: ‘अमुक बुरशीनाशक फवारा, केळीवरचा सीएमव्ही रोग बरा होतो’ असा संदेश व्हॉट्सॲपवर आला आहे, तर तो खरा की खोटा ते शोधा. बहुतेक मुले हाच मजकूर शोधपेटीत टाकतील, त्याला दुजोरा देणारा एखादा व्हिडिओ सापडेल आणि शोध तिथेच थांबेल. मात्र सीएमव्ही म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस हा विषाणू आहे आणि विषाणू व बुरशी या वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे ज्याच्या डोक्यात पक्के आहे, त्याला संदेश वाचतानाच शंका येईल. हा विषाणू मावा किडीमार्फत पसरतो, म्हणून माव्याचा बंदोबस्त केल्यास प्रसार आटोक्यात ठेवायला मदत होते. लागण झालेले झाड मात्र कोणत्याही फवारणीने बरे होत नाही, ते उपटून नष्टच करावे लागते. प्रसार रोखणे आणि रोग बरा करणे यांतला हा फरक पकडता येणे हेच खरे विज्ञानशिक्षण आहे, आणि ज्यांच्या घरी केळीची बाग आहे त्या मुलांना त्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

माहिती तपासण्याची रीतही शिकवावी लागते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी इतिहासतज्ज्ञ, पदवीचे विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांची तुलना केली, तेव्हा पहिल्या दोन्ही गटांतले अनेक जण समोरचेच पान बारकाईने वाचत बसले आणि त्याच्या रुबाबदार मांडणीला भुलले. तपासनीस मात्र ते पान लगेच सोडून, ते चालवणाऱ्या संस्थेविषयी इतरत्र काय म्हटले आहे ते पाहू लागले. आपल्या उदाहरणात याचा अर्थ व्हिडिओ पुन्हा पुन्हा न पाहता तो कोणी टाकला, तो औषधविक्रेता आहे का आणि जळगावचे केळी संशोधन केंद्र याबाबत काय सांगते, ते आधी पाहणे असा होईल. इतिहासाचे प्राध्यापकही इथे चुकले, हे शिक्षकांना थोडे दिलासा देणारे आहे.

बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड ही उपयुक्त सोय आहे, पण व्हिडिओ दाखवला म्हणजे शिकवून झाले असे नव्हे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ सालच्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या गटाने पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत सरशी केली. आठवड्यानंतर मात्र त्यांना ४० टक्के आठवले, तर एकाच सत्रात वाचून नंतर न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. पुन्हा पाहिलेले ओळखीचे वाटते आणि ती ओळख आपल्याला आकलन वाटते. व्हिडिओ मागे-पुढे करून पाहण्यातही हाच धोका संभवतो. म्हणून तो तीन-चार मिनिटांनी थांबवावा, फोन उलटा ठेवायला सांगावा आणि आत्तापर्यंत काय कळले ते वहीत लिहून घ्यावे. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडच्या ज्या मुलांच्या घरी पावरी ही आदिवासी बोली बोलली जाते, त्यांना प्रमाण मराठीतले निवेदन उलगडण्यातच कार्यकारी स्मृतीचा मोठा वाटा खर्ची घालावा लागतो. त्यांच्यासाठी हे तुकडे आणखी लहान करावेत आणि लिहिण्याआधी त्यांना आपसांत पावरीत बोलू द्यावे.