देव गोठ्यात का जन्मला? कोल्हापूरच्या नाताळामागचा इतिहास

कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची एक ब्राँझची मूर्ती आहे. वीतभरही उंच नाही. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४-४५ च्या सुमारास इतर रोमन वस्तूंबरोबर ती सापडली आणि सातवाहनकाळातल्या या गावाचे धागे पार रोमपर्यंत पोचले होते हे उजेडात आलं. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत रोमचा माल समुद्र ओलांडून, घाट चढून इथवर येत होता. त्याच साम्राज्याच्या सत्तेखालच्या बेथलेहेम गावात एका सुताराच्या घरी येशू नावाचं मूल झालं, ही बातमी मात्र करवीरात रुजायला अठराशे वर्षं लागली.

ती बातमी मुळात फार त्रोटक आहे. रोमच्या ऑगस्टस कैसराने नावनिशी, म्हणजे शिरगणती, करायचा हुकूम काढला म्हणून योसेफ गरोदर मरियेला घेऊन नासरेथहून बेथलेहेमला गेला; उतारशाळेत जागा नव्हती; तिने बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रात, जन्माबद्दल याहून अधिक काही नाही. देखाव्यात हमखास दिसणारे बैल आणि गाढव तिथं नाहीतच. ‘बैल आपल्या धन्याला ओळखतो आणि गाढव आपल्या मालकाची गव्हाण’ अशा अर्थाचं वचन यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात आहे, त्यातून ते पुढे आले. पूर्वेकडचे मागी, म्हणजे ज्ञानी लोक, मत्तयाच्या शुभवर्तमानात येतात, पण ते तीन होते असं मत्तय कुठंही सांगत नाही.

लूकच्या वर्णनातल्या एका बारीकशा तपशिलाकडे सहसा लक्ष जात नाही. बाळंतपणानंतर शुद्धीकरणासाठी मरिया आणि योसेफ यरुशलेमच्या मंदिरात जातात. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे अशा वेळी एक कोकरू अर्पण करायचं. ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं चालतील, अशी सवलत लेवीय पुस्तकात आहे. लूक कोकराचं नाव घेत नाही, फक्त पाखरांचं घेतो. हे कुटुंब गरीब होतं असं तो एका शब्दाने म्हणत नाही, पण मंदिरातला तो व्यवहार नोंदवून सगळं सांगून टाकतो. माझ्या मते अख्ख्या जन्मकथेतला सगळ्यात बोलका पुरावा हाच.

गोठ्याबद्दलही थोडं. त्या काळच्या पॅलेस्टाइनमधल्या साध्या घरात बहुधा एकच खोली असे. माणसं उंचवट्यावर झोपत, रात्री जनावरं खालच्या अंगाला बांधत आणि गव्हाण मधल्या कडेला असे. म्हणजे हा जन्म रानातल्या एखाद्या ओसाड गोठ्यात न होता पाहुण्यांनी गच्च भरलेल्या घरात, जनावरांच्या बाजूला झाला असावा, असं काही अभ्यासक मानतात. भुदरगड-राधानगरीकडच्या जुन्या घरात म्हशी सोप्यालगत बांधलेल्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हे फोड करून सांगायला नको. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने मात्र गुहेचा उल्लेख केला आणि आज बेथलेहेमला जे जन्मस्थान दाखवतात तीही गुहाच आहे.

पण गरिबीत जन्मलेली मुलं तेव्हाही असंख्य होती. मग याच जन्माचं एवढं काय? याचं उत्तर लूकच्याही आधीच्या लिखाणात, पौल या प्रेषिताने मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत आहे. फिलिप्पैकरांना तो लिहितो की ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा असूनही त्याने स्वतःला रिक्त केलं आणि दासाचं रूप घेतलं. करिंथकरांना लिहितो की तो धनवान असून तुमच्यासाठी दरिद्री झाला. श्रद्धावंतांच्या दृष्टीने सगळा जोर इथं आहे. दारिद्र्य त्याच्या वाट्याला आलं असं पौल म्हणत नाही, त्याने ते पत्करलं असं म्हणतो. लूकने दिलेल्या मरियेच्या स्तोत्रात, ‘त्याने अधिपतींना आसनावरून ओढून काढलं आणि दीनांना उंच केलं’ या ओळीत, हाच विचार राजकारणाच्या भाषेत येतो. नाताळच्या गोड गाण्यांत ही ओळ फारशी ऐकू येत नाही, हे जाता जाता.

सुरुवातीला या हीन जन्माचा उपयोग विरोधकांनीच केला. दुसऱ्या शतकातल्या सेल्सस नावाच्या ग्रीक लेखकाने येशूची आई सूत कातून पोट भरणारी गरीब बाई होती, नवऱ्याने तिला टाकली होती, असं हिणवून लिहिलं. सुमारे सत्तर वर्षांनी ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने त्याला उत्तर दिलं. त्याने गरिबी नाकारली नाही. ना कूळ, ना पैसा, ना शिक्षण, तरी या माणसाने जग हलवलं, याचं कारण सांगा, असा उलटा प्रश्न टाकला. दुसरी अडचण घरातलीच होती. मार्शियनसारख्या ख्रिस्ती शिक्षकांना देव बाळंत्यात गुंडाळला गेला ही कल्पनाच असह्य होत होती. त्यांनी जन्मकथाच बाजूला ठेवली. चर्चने त्यांचं ऐकलं नाही आणि गव्हाण राहिली.

राहिली, पण तशीच राहिली नाही. सम्राट कॉन्स्टंटाईन ख्रिस्ती धर्माच्या पाठीशी उभा राहिल्यावर चौथ्या शतकात बेथलेहेमला भव्य चर्च उभं राहिलं. २५ डिसेंबरला जन्मोत्सव असल्याची सगळ्यात जुनी नोंदही त्याच शतकातली, रोमची, इसवी सन ३३६ ची. ३८६ मध्ये बेथलेहेमला येऊन राहिलेला ख्रिस्ती पंडित जेरोम एका नाताळच्या प्रवचनात कुरकुर करतो: आपण मान देण्याच्या नादात मातीची गव्हाण काढली आणि चांदीची बसवली, मला मात्र काढून टाकलेलीच मोलाची वाटते. पुढे १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणून नाताळची मिस्सा, म्हणजे चर्चची उपासना, करवली. बाळाने काय सोसलं ते लोकांना डोळ्यांनी दिसावं, एवढाच त्याचा हेतू होता. आजच्या देखाव्यांची परंपरा बरीचशी तिथून वाढली. कुणीतरी चांदी मढवायची आणि कुणीतरी पुन्हा गवत आणायचं, असं हे चालत आलंय.

मराठीत ही कथा पहिल्यांदा थाटात आली ती ओवीतून. गोव्यातले जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वळणावर. पण ते पुस्तक रोमन लिपीत होतं आणि गोव्याच्या ख्रिस्ती गावांसाठी होतं. घाटावर त्याचा वारा लागला नाही.

कोल्हापूरला मिशन आलं १८५२ च्या अखेरीस. अमेरिकेतल्या व्हरमाँटचे रॉयल वायल्डर आणि त्यांची पत्नी एलायझा अहमदनगरहून इथं आले ते बोस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशनसंस्थेतर्फे. पुढे १८७० च्या सुमारास हे काम प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. शहरातलं वायल्डर मेमोरियल चर्च त्यांचं नाव चालवतं. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला आणि अमेरिकेतल्या विद्यार्थी मिशन चळवळीचा आधारस्तंभ झाला. गंमत अशी की बोर्डाचं मुख्यालय ज्या मॅसॅच्युसेट्समध्ये होतं, तिथं १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड करण्याचा कायदा झाला होता, कारण बायबलात हा सण सांगितलेलाच नाही. कायदा १६८१ मध्ये गेला, पण तिथं नाताळची अधिकृत सुट्टी सुरू झाली १८५६ मध्ये, म्हणजे वायल्डर कोल्हापुरात आल्यानंतर. ज्या परंपरेने हे मिशन पाठवलं तिला नाताळच्या थाटाचं कौतुक नव्हतं. तिचा भर शाळा, वचन आणि प्रवचनावर. आज कोल्हापूर भागात दारावर टांगलेली चांदणी, करंज्या-चकल्यांचा फराळ, रात्री घरोघर जाणारे कॅरलचे गट दिसतात, त्यातलं बरंचसं इथल्या माणसांनी आपल्या हौसेने जोडलंय. गाण्यांचा भार मात्र रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी उचलला. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या या कवीची पदं आणि अभंग मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेत शिरले, आणि ख्रिस्त परक्या चालीत गायची गरज उरली नाही.

शहरातल्या शाळांच्या पलीकडे, पन्हाळा तालुक्यातल्या कोडोलीसारख्या गावांत मिशनची ठाणी झाली. तिथं ख्रिस्ती झालेल्यांत मोठा भाग अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचा होता. गावात उतारशाळा असो वा नसो, ‘जागा नाही’ हे ऐकण्याची सवय त्यांना पिढ्यान्‌पिढ्या होती. देवाच्या पुत्राच्या जन्माची खबर पहिल्यांदा रानात रात्र काढणाऱ्या मेंढपाळांना मिळाली आणि खूण म्हणून त्यांना गव्हाणीतलं बाळ सांगितलं गेलं, हे त्यांनी ऐकलं ते अशा कानांनी. आलिशान चर्चमध्ये बसून ऐकणाऱ्याला त्यात नम्रतेचा धडा मिळत असेल. इथं तो हक्काचा प्रश्न झाला.

या वाचनाला पुढे शास्त्राचं रूप आलं. धर्मशास्त्राचे अभ्यासक अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात दिलेल्या भाषणापासून दलित ईशज्ञानाची, म्हणजे दलितांच्या नजरेतून मांडलेल्या ख्रिस्ती धर्मविचाराची, चर्चा सुरू झाली. येशूच्या वंशावळीत मत्तय तामार आणि राहाब या बदनाम मानल्या गेलेल्या बायकांची नावं मुद्दाम घेतो, त्याला सुताराचा पोर म्हणून हिणवलं गेलं. त्याचं दलितपण यात आहे, असं निर्मळ यांनी मांडलं. मंडळीतल्या सगळ्यांना हे पटत नाही. बायबलातली दीनता ही मनाची, तिला जात लावू नका, असं म्हणणारे जुने पाळक आहेत आणि त्यांच्याकडेही वचनांचा आधार आहे. माझा कल निर्मळ यांच्याकडे झुकतो, कारण मंदिरात अर्पण केलेली पाखरं मनाची नव्हती.

कोल्हापुरात या वादाला आणखी एक पदर आहे. मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा शाहू महाराजांचा हुकूम याच संस्थानातला, २६ जुलै १९०२ चा. मात्र १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांनाही मिळाला. दलित ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर आयोग नेमला. धर्म बदलला की जातीचा जाच संपतो का, हे तपासायचं काम त्याच्याकडे दिलं. अनेक चर्चसंघटना १९५० च्या आदेशातली धर्माची अट काढा असं म्हणतात. त्याच वेळी आपल्याच मंडळीत सोयरीक जुळवताना आडनाव विचारलं जातं, याची कुजबुजही चालू असते.